मोईनसरांची चांदणी

लग्नाची पत्रिका हातात आली की माणूस आधी तारीख बघतो, मग जेवण किती वाजता ते. मोईनसर आधी नवरीचं नाव हुडकायचे. त्यावर बोट ठेवायचे, बोट उजवीकडं न्यायचे, तिथलं संपलं की डावीकडं आणायचे, मग एक ओळ वर. "शीतल... ही मुलगी... कोणाची? भाऊरावांची... आणि नात कोणाची? बरं बरं." सगळी पत्रिका अशी मधून बाहेर उसवून झाली की समाधानानं घडी घालायचे.

"अहो सर, लग्नाला जायचंय. पत्रिकेचं पोस्टमार्टेम कशाला?" मी म्हणायचे.

"मॅडम, वरून वाचत आलं ना, तर आधी देव, मग आजोबा, मग चुलते. नवरीपर्यंत येईस्तोवर माणूस थकतो. पैले नाव धरायचं. बाकीचं आपसुक सुटतं."

लातूरला एका कोचिंग क्लासात मी गणित शिकवायचे आणि मोईनसर कॉम्प्युटर सायन्स. भूकंपानंतरची ती चार-सहा वर्षं. गल्लोगल्ली क्लास निघाले होते, घराघरात पोरं कॉटबेसिसवर राहत होती, आणि बाहेरगावचे पालक क्लास बघायला आले की फी नंतर विचारायचे, आधी मान वर करून छत बघायचे. आमच्या संचालकांनी हे बरोबर ओळखलं होतं. पक्की इमारत असूनही त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचे दोन लांबलचक शेड टाकले. "स्लॅब नाही बरं का ताई, पत्रा आहे, पत्रा," असं ते आयांना अभिमानानं सांगायचे. उन्हाळ्यात आत पोळ्या भाजल्या असत्या, पण लेकरं सुरक्षित आहेत म्हणून आया निवांत परत जायच्या.

दोन शेडांच्या मध्ये एकच प्लायवूड होतं. इकडं मी कॅल्क्युलस शिकवायचे, तिकडं मोईनसर. त्यामुळं न शिकता मी त्यांचा अर्धा विषय शिकले.

माणूस नांदेडचा. घराण्यात तीन पिढ्या पत्र्याच्या पेट्या बनवायचा धंदा. बारीक अंगकाठी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा शर्ट, खडू चष्म्याच्या जुन्या डबीत. हैदराबादला काही महिन्यांचा कोर्स केलेला, बाकी सगळं एका झेरॉक्स पुस्तकावरून स्वतःच उकललेलं. डिग्री कॉमर्सची. हे ते कुणी न विचारताही सांगून टाकायचे, आणि संचालकांच्या कपाळाला आठी पडायची.

पोरांना पहिल्याच आठवड्यात जे घाबरवतं, ते म्हणजे संगणकाला 'अमुक नावाचा अमुक प्रकारचा डबा मला पाहिजे' हे सांगायची रीत. मोईनसर हजेरीपट उघडून सुरुवात करायचे.

"सूर्यवंशी मंगल. आधी काय आलं?"

"आडनाव!" शेड ओरडायचं.

"मग नाव. इथंबी तसंच. आधी int, मग a. int म्हणजे खानदान, पूर्णांकांचं. a म्हणजे त्यातला एक मेंबर."

"सर, पण आधी खानदान कामून विचारतंय ते?" कुणीतरी विचारायचंच. आणि हा प्रश्न आला की मोईनसरांचा आवाज खुलायचा. मला प्लायवूडमधूनही कळायचं.

"वा! कामून विचारतंय? पाहुणा येणार म्हटल्यावर तुझी आई काय करते? खाट टाकते. लहान लेकरू आलं तर झोळी, मोठा माणूस आला तर खाट. मशीनलाबी जागा काढून ठेवावी लागती. किती मोठी काढायची, ते खानदानावरून कळतं."

माझी पोरं लिमिट सोडून तिकडं कान लावायची. मी डस्टर आपटायचे. खरं सांगते, मला राग यायचा तो पोरांचा नव्हता. मी इतकी वर्षं शिकवत होते, पण 'कामून' विचारणाऱ्या पोराला मी "परीक्षेत येत नाही, पुढं चल" म्हणायचे.

मग यायचा पॉइंटर. म्हणजे असा डबा, की ज्यात आकडा नाही, दुसऱ्या डब्याचा पत्ता. त्याची खूण एक फुली, अशी *, तिला मोईनसर चांदणी म्हणायचे. आणि चांदण्या, कंस, चौकटी एकात एक गुंतल्या की पोरं रडकुंडीला यायची. तिथं सरांची पत्रिकेची युक्ती. नाव धरा. उजवीकडं जा. कंसाची भिंत लागली की डावीकडं फिरा. भिंत ओलांडा, पुन्हा उजवीकडं. सगळी पोरं एका सुरात म्हणायची, "पी हा... पत्ता आहे... पाच जणांच्या रांगेचा... प्रत्येक जण पूर्णांक!" बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत पाढे चालू आहेत.

एकदा दुपारी जमीन हलली. फार नाही, पाच-सात सेकंद, पण पत्रा थडथडला आणि दोन्ही शेड क्षणात रिकामे झाले. मी स्वतः पोरांच्या आधी बाहेर होते, कबूल करते. मोईनसर सगळ्यात शेवटी आले, काखेत हजेरीपट घेऊन. मैदानात उभं राहून एकेक नाव वाचायला लागले. आडनाव, नाव. हजर. आडनाव, नाव. हजर. एक पोरगा बोललाच नाही. कुणीतरी म्हणालं, तो आज आलेलाच नव्हता, सर. तरी सर सायकल काढून त्याच्या खोलीवर गेले, त्याला अंथरुणात तापलेला बघून आले, आणि मगच हजेरीपट मिटला. "यातलं एक नाव राह्यलं ना मॅडम, मग जेवण जात न्हाई," म्हणाले. मला तेव्हा हा चिक्कू हिशोबीपणा वाटला होता. पुढं कळलं, हे निराळंच काहीतरी आहे.

बारावीच्या परीक्षेला आठवडा राहिला होता. पोरं अभ्यासाच्या सुट्टीवर आपापल्या गावी गेली होती. लातुरातला व्यंकट तेवढा क्लासात यायचा, कारण संगणकाची खोली मोकळी होती. एरवी त्या खोलीला कुलूप. दोनच मशिनी, चप्पल बाहेर काढून आत जायचं, आणि त्यात वीज नसायची. त्यामुळं आमच्याकडं प्रोग्रॅम फळ्यावर लिहिले जायचे, वहीत उतरवले जायचे, उत्तरंही तोंडीच काढली जायची. मशीनला कुणी विचारत नव्हतं.

व्यंकटानं विचारलं. सरांच्या नोट्समधलीच ओळ त्यानं टाइप केली: int* a, b; आणि b मध्ये पत्ता ठेवून बघितला. मशीन म्हणालं, ही b पत्ता ठेवू शकत नाही, ती साधी पूर्णांक आहे. व्यंकट सरांना बोलवायला आला. मीही मागोमाग गेले.

"पुन्हा टाक," सर म्हणाले. तीनदा टाकलं. तीनदा तेच.

आता यातली मेख सांगते. सर शिकवायचे: आडनाव एकदाच लिहायचं, सूर्यवंशी मंगल, सविता, म्हणजे दोघीही सूर्यवंशी. int a, b म्हणजे दोघंही पूर्णांक. इथवर बरोबर. पण int ला चांदणी चिकटवून लिहिली, की चांदणीही खानदानाचीच, म्हणून a आणि b दोघंही पॉइंटर, असं ते ठासून सांगायचे. फळ्यावर तसं सुबक दिसायचं म्हणून ते चांदणी नेहमी int ला चिकटवूनच काढायचे. त्यांच्या सगळ्यात लाडक्या उदाहरणानंच त्यांचा घात केला होता. आणि ती ओळ त्यांच्या नोट्समध्ये उत्तरासकट छापलेली होती. त्या नोट्सच्या कव्हरवर संचालकांनी टाकलं होतं: शंभर टक्के बिनचूक.

सर स्टुलावर बसले. मला वाटलं आता हा माणूस कोसळतो. पण त्यांनी पुस्तक काढलं, ते पान धरलं, फिकट झेरॉक्स डोळ्याजवळ नेलं, आणि एकदम म्हणाले, "अरे! चांदणी नावाची हाय. खानदानाची न्हाई! व्यंकट्या, हाजी कोण असतो?"

"हजला जाऊन आलेला, सर."

"माझे चुलते हज करून आले. दुकानाच्या पाटीवर 'हाजी करीम, रहीम' असं लिवलं, म्हणून काय रहीम हाजी झाला? तो तर परभणीच्या पुढं गेला न्हाई कधी! ज्याच्या नावाम्होरं हाजी, तोच हाजी. हे असंय बघ!" आणि मोठ्यानं हसले. पुढच्याच क्षणी हसू गेलं. "मॅडम, एकेचाळीस पोरांना मी रहीमला हाजी करून दिलंय."

संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, धंद्याचे होते. म्हणाले, "सर, एका मार्काचा प्रश्न. आला तर आला. आता पोरांना नोट्स चुकल्या म्हणून सांगितलं, तर ती बाकीच्या पानांवरसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत. पालकांत बोभाटा होईल तो वेगळाच."

"साहेब, 'एका मार्कानं शंभर पोरं मागं पडतात' ही पाटी बाहेर तुमीच लावली ना?"

"सर, जूनपासून नांदेडची शाखा तुमच्या हाती द्यायची ठरली आहे. एवढं लक्षात ठेवा. पालकांसमोर चूक हा शब्द निघाला, तर नांदेड विसरा. बाकी तुमची मर्जी."

नांदेड म्हणजे सरांसाठी काय, हे मला चारच दिवसांत कळलं. माझी बहीण तिकडं असते, म्हणून शनिवारी मी त्यांच्याच एसटीनं निघाले. निघण्याआधी एसटीडी बूथवर उभं राहून आम्ही दोघांनी लातुरातली, उदगीरची, अहमदपूरची पोरं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फोनवर गाठली होती. काहींच्या घरी सर सायकलवर जाऊन आले होते. एका पठ्ठ्यानं तर सरळ सांगितलं, "सर, पॉइंटर मी ऑप्शनलाच टाकलंय. तुमी कशाला तरास घेता?" सरांना ते चुकीपेक्षा जास्त लागलं.

नांदेडात उतरल्यावर ते मला आग्रहानं घरी घेऊन गेले. अम्मीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकटी राहते. पोराच्या पावलांवरून ओळखलं तिनं. सरबताचा पेला माझ्या हातात देताना विचारते, "जून में हमेशा के लिए आतूं बोला ना बेटे? आरा ना?"

सर म्हणाले, "देखेंगे अम्मी."

"देखेंगे कायकू? पिछले हफ्ते तो पक्का बोला था."

सर उठले. पाण्याचा माठ भरला, अम्मीच्या डोळ्यांत औषध घातलं आणि दुपारच्या गाडीनं धर्माबादला गेले, कारण तिथं दोन पोरं राहिली होती. स्टँडवर पोचवायला जाताना मी त्यांना खूप बोलले. म्हटलं, सर, आईकडं बघा. निम्म्याहून जास्त पोरांना सांगून झालंय. एक मार्क. कोण विचारतंय?

"मी विचारून राह्यलो ना मॅडम," एवढंच म्हणाले.

धर्माबादच्या दोघांपैकी एक पोरगा मिरचीच्या आडतीवर बापाच्या मदतीला बसला होता. सरांनी पोत्यांच्या मध्ये उभं राहून हाजी करीम सांगायला सुरुवात केली आणि ठसक्यानं जीव नकोसा झाला. आडत्यासकट सगळे हमाल गोळा झाले. शेवटी पोरगाच म्हणाला, "समजलं सर, रहीम हाजी न्हाई. तुमी आता भाईर जा." हे सरांनीच मला सांगितलं, डोळे पुसत, हसत. त्या पाच दिवसांत मी त्यांना इतकं आनंदी बघितलं, की मला त्यांचा हेवा वाटला. चुकल्याचा नव्हता तो आनंद. इतकी वर्षं जे आपल्याला कळलं असं वाटत होतं, ते आत्ता कुठं कळलं, याचा होता.

एकेचाळीसपैकी चाळीस झाले. राहिली मंगल सूर्यवंशी, शिरूर अनंतपाळची. गेल्या वर्षी याच विषयात आपटलेली, दुसऱ्यांदा बसणारी. बाप शेतकरी, समंजस, पण त्यानंही सांगून ठेवलेलं: यंदा न्हाई तर बास. सर तिच्या गावी गेले तर घराला कुलूप. मावशीकडं अभ्यासाला गेली म्हणे, कुठल्या गावी ते शेजारणीला ठाऊक नव्हतं. सर शेवटच्या गाडीनं परतले.

पेपरच्या सकाळी मी परीक्षा केंद्रावर गेले. जायचं काही कारण नव्हतं. मला बघायचं होतं, हा माणूस आता काय करतो.

फाटकाबाहेर ही गर्दी. संचालक नेहमीप्रमाणे पोरांना पेन वाटत होते, पालकांच्या खांद्यावर हात ठेवत होते. मोईनसर बाजूच्या लिंबाखाली उभे. घंटेला दहा-बारा मिनिटं असताना मंगल आली. पाठीमागं पिशवी घेतलेला बाप. सर तिला बाजूला नेऊन हळूच सांगतील असं मला वाटलं होतं. पण तेवढ्यात संचालकांनीच तिला गाठलं, चार पालकांसमोर म्हणाले, "ये मंगल! नोट्स पाठ आहेत ना? मग घाबरायचं नाही. आपल्या नोट्सच्या बाहेर काही येत नाही."

"हाव सर. सगळं पाठ हाय."

मोईनसर पुढं झाले. "मंगल, एक राह्यलंय. पॉइंटरच्या पानावर मी चुकीचं लिवलंय."

संचालकांचा पेन धरलेला हात तसाच राहिला. मंगलचा चेहरा पांढराफटक पडला. बाप म्हणाला, "ऐन टायमाला हे काय काढलं वो सर? लेकराचं वरीस हाय हे."

"म्हणूनच आलो काका. चूक तिची न्हाई, छापणाऱ्याची न्हाई, माझी हाय. दोन मिनिटं द्या."

"सर, नगा सांगू," मंगल रडायलाच आली. "मी तुमचंच पाठ केलंय. आता बदललं तर सगळंच जाईल डोक्यातून."

त्या क्षणी मला सरांचा संताप आला. वाटलं, तुमच्या मनाची टोचणी जावी म्हणून या पोरीचं वर्ष का घालवता? सरही थबकले. पहिल्यांदाच त्यांना काय करावं ते सुचेना, हे मला स्पष्ट दिसलं. मग ते खाली उकिडवे बसले, म्हणजे ती वर आणि ते खाली, आणि विचारलं, "पाठ राहू दे. मला एक सांग. पाटीवर लिवलंय, हाजी करीम, रहीम. हजला कोण गेलं?"

मंगलनं नाक पुसलं. "करीम."

"आणि रहीम?"

"न्हाई गेला. त्याच्याम्होरं कुठं लिवलंय हाजी?" ती थांबली. ओठ हलले. बोटानं हवेत काहीतरी लिहिलं. "म्हंजे... चांदणी फक्त ए ची?"

"हाव."

घंटा झाली. ती पळाली. संचालक सरांच्या जवळ आले, आवाज न चढवता म्हणाले, "झालं ना समाधान? जूनचं विसरा आता," आणि पुढच्या पोराला पेन दिला. त्यांनी शब्द पाळला. नांदेडला दुसरेच सर गेले. मोईनसरांनी उन्हाळ्यात लातूर सोडलं. कुणी म्हणालं हैदराबादला गेले, कुणी म्हणालं अम्मीला घेऊन औरंगाबादला भाच्याकडं. मला ते पुन्हा दिसले नाहीत, आणि मीही शोधायचे कष्ट घेतले नाहीत, याचं आज वाईट वाटतं.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी पेपर सुटल्यावरचं. तीन तास सर लिंबाखालीच होते. मी दोनदा चहाला बोलावलं, आले नाहीत. पोरं बाहेर पडली, आणि पहिल्याच पोरानं ओरडून सांगितलं, तो प्रश्न आलाच नाही! पॉइंटरवर दुसरंच काहीतरी होतं. संचालक मोठ्यानं हसले, "बघा सर! पाच दिवसांची दगदग आणि नांदेड, फुकट!" आजूबाजूचे पालकही हसले. मला रडू फुटेल असं वाटलं. सरांनी मान खाली घातली.

मंगल बाहेर आली. पेपर बरा गेला होता, चेहऱ्यावरून कळत होतं. बापानं पिशवी उचलली, एसटीची वेळ झाली होती. ती दोन पावलं चालली, थांबली, आणि मागं वळून आली.

"सर, पर दोघंबी हजला गेले असतील तर? दोघांनाबी पॉइंटर करायचं म्हणलं, तर चांदणी कुठं द्यायची?"

पेपर संपल्यावर प्रश्न विचारायला परत आलेलं पोर मी लातुरात तोवर बघितलं नव्हतं. मोईनसरांनी वर बघितलं. मग वाळकी काडी उचलली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच लिव. मी बघतो."

ती धुळीत बसली. सर समोर बसले. ती एक चांदणी काढी, पुशी, पुन्हा काढी, आणि ते गुडघ्यावर हनुवटी टेकवून नुसते बघत होते. तिच्या बापानं एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि पिशवी खाली ठेवली.